६० लिटरचं स्वप्न

पुण्या-मुंबईकडे नोकरीला गेलेल्या वऱ्हाडी माणसाला गाव स्वप्नात दिसतं तेव्हा त्यात मे महिना नसतो, यावर मी पैज लावायला तयार आहे. निंबाची सावली असते, बंगईची करकर असते, रसानं भरलेलं गंज असतं, आजीचा खरबरीत हात असतो. दुपारी दीड वाजताचा टिनाचा पत्रा नसतो. आठवण गावातून निघते ती कायम डिसेंबरातल्या गाडीनं.

या ओढीला १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं बाझलला चक्क आजाराचं नाव दिलं, नोस्टाल्जिया. परमुलखात चाकरी करणारे स्विस शिपाई घर आठवून खंगायचे, त्यांचा हा रोग. आल्प्सची गार हवा आठवून माणूस खंगला तर समजू शकतं. पण पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यातलं, जिथे जमिनीखालचं पाणीच खारं, असं गाव आठवून कोणी खंगत असेल, तर त्याला मे महिन्यात इकडे आणावं आणि कूलर सुरू करायला बसवावं. तीन दिवसांत उतार पडतो.

स्वप्नाचा आणि कूलरचा संबंध काय, असं विचारणारा माणूस कोकणातला असणार. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते आणि फेरीच्या शेवटी बंद पापण्यांखाली बुबुळं भिरभिरायला लागतात. ही भिरभिर १९५३ मध्ये शिकागोला अझेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी नोंदवली. ठसठशीत स्वप्नं बहुतेक त्याच वेळी पडतात. गोम अशी की नेमकं त्याच वेळी शरीर आपलं तापमान सांभाळायचं काम जवळपास सोडून देतं. घाम यायचाही मंदावतो. म्हणून खोली तापली की ही झोप तुटते, आखडते. रात्रीच्या पहिल्या फेरीत ती जेमतेम दहा मिनिटांची असते, पहाटे अर्ध्या तासाच्याही पुढे जाते. म्हणजे गाव, आजी, शाळेचं पटांगण वगैरे ऐवज पहाटे तीन ते साडेपाचच्या दरम्यान हाती लागतो. आणि आमच्या कूलरचं पाणी संपतं पहाटे चारला.

हिशेब सोपा आहे. टाकी ६० लिटरची. पंप तळाच्या दीड-दोन इंचांना हात लावत नाही, म्हणजे कामाचं पाणी ५० लिटर. कोरड्या रात्री तासाला आठेक लिटर उडून जातं. दहाला काठोकाठ भरला तर चारच्या ठोक्याला पंप खर्रर्र करतो, आणि आजी हातावर बत्तासा ठेवणार इतक्यात गरम वाफ तोंडावर येते.

पण कूलर चालतो तेव्हा खरोखर जादू करतो. बाहेर ४४ अंश आणि हवेत १५ टक्के दमटपणा असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा २३ च्या आसपास थांबतो. या दोन आकड्यांमधलं अंतर नीट भरलेला कूलर रुपयातले बारा-तेरा आणे कापतो. आत येते ती २७-२८ अंशांची हवा. आमच्या उन्हाचा कोरडेपणा हीच आमची इस्टेट. मिरुग लागला, आभाळ भरून आलं, की हाच कूलर नुसती ओली हवा ढकलतो आणि अंगाला चादर चिकटते.

कूलर लावायला होळीनंतर सुरुवात होते. ज्यांनी दिवाळीत कूलर तसाच गोणपाटाखाली ढकललेला असतो त्यांची कथा आधी गंजापासून. तळ तारेच्या ब्रशनं घासायचा, भोकं एम-सीलनं बुजवायची, वरून काळा डांबरी रंग दोन हात, मधे एक दिवस वाळवण. घाईत दुसरा हात ओल्यावरच मारला की पापुद्रा धरतो आणि एप्रिलमधे तो सोलून पंपात जातो. मग टाकी भरून रात्रभर ठेवायची. सकाळी खाली ओल दिसली तर दोष सापडला. दिसली नाही तर उन्हाळ्यात सापडेल.

ताटी भरणं हे खरं कसब. जुनं गवत उपटायचं, जाळी झटकायची आणि नवं वूड वूल, म्हणजे लाकडाचा गवतासारखा कीस, किंवा वाळा पिंजून दोन इंच जाडीनं सारखं पसरायचं. घरातले उत्साही कार्यकर्ते ते गादीसारखं ठासतात. मग हवा ओढली जात नाही, पंखा नुसता गुरगुरतो. आणि ज्याला कंटाळा आला तो वरच्या कोपऱ्यात एक विरळ जागा सोडतो. हवा बेरकी असते. ओल्या गवतातून दमत यायच्या ऐवजी ती त्या एका भोकातून सरळ आत येते, जशी बाहेर होती तशी. म्हणून ताटी भरल्यावर उन्हाकडे धरून पाहायची. उजेडाचा ठिपका दिसला की तिथे चिमूटभर गवत. पहिलं पाणी पिवळं येतं, वासही येतो. ते फेकायचंच.

वरच्या पन्हाळीची भोकं मागच्या वर्षीच्या खारानं बुजलेली असतात, ती दाभणानं मोकळी करायची. पंपाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधायचा, नाहीतर गवताच्या काड्या आत शिरून पाती अडते. कूलर गुनियात आहे का ते पाहायचं. एका पायाखाली विटेचा तुकडा कमी पडला तर पाणी तीनपैकी एकाच ताटीवर धावतं आणि उरलेल्या दोन कोरड्या ताट्यांतून बाहेरची झळ सन्मानानं आत येते. पंखा कुथत फिरत असेल तर मोटार बदलायची घाई नको. आधी कंडेन्सर बदलून पाहायचा, दहापैकी आठ वेळा तोच मेलेला असतो. (हे आठ माझ्या अनुभवाचे आहेत, विद्यापीठाचे नाहीत.)

खारपाणपट्ट्यात घरोघरी दोन पाणी. गोडं पाणी प्यायला, ते माठात आणि पितळी गुंडात. खारं पाणी वापरायला, ते ड्रममधे. कूलरला अर्थातच खारं. आता उडून जातं ते पाणी, खार काही उडत नाही. रोज ५० लिटर पाणी हवेत जाणार आणि त्यातला खार टाकीतच राहणार. आठवड्यात ताटीवर पांढरी साय धरते, पंधरवड्यात गवताचा पापड होतो. उपाय एकच. आठ दिवसांनी उरलेलं पाणी निथळून टाकायचं आणि ताट्या बाहेर काढून पाइपनं उलट्या बाजूनं धुवायच्या. हे सगळ्यांना माहीत असतं. कोणी करत नाही.

पुण्याहून आलेली पाहुणेमंडळी एसीच्या सवयीनं दार लावून घेतात, थंडी बाहेर जाऊ नये म्हणून. कूलरला दार उघडं लागतं हो. आलेली ओली हवा समोरून निघून गेली तरच मागून नवी येणार. दार लावलं की अर्ध्या तासात खोलीचं मोदकपात्र होतं, आणि मग हेच लोक म्हणतात, ‘गावाकडे पूर्वी इतकं उकडत नव्हतं.’ उकडत होतं. तुम्ही अंगणात बाजेवर झोपत होता.

आता झोपायची रांग. खिडकीसमोरची जागा पाहुण्याला. यात आदर आहे आणि थोडा सूडही, कारण सरळ झोतात रात्रभर झोपलेल्याची मान सकाळी एकाच दिशेला पाहते. जाणता माणूस झोताच्या कडेला पडतो. म्हातारी माणसं शेवटच्या टोकाला जातात आणि वर म्हणतात, ‘मले नाई पायजे हवा, पोराइकडं कर.’ त्यावर काही बोलायचं नसतं. दिवा मालवला की झडपेची एक पट्टी हळूच त्यांच्या बाजूला वळवायची. सकाळी ती विचारतात, हे कोणं वळवलं? कोणालाच ठाऊक नसतं.

ताटी सैल असली की पंखा गवतातले थेंबही ओढतो आणि रात्रभर तोंडावर बारीक तुषार येत राहतात. अशा रात्री हमखास पावसाचं स्वप्न पडतं. ही थाप नाही. १९५८ मध्ये डिमेंट आणि वोल्पर्ट या दोन संशोधकांनी झोपलेल्या लोकांवर थंड पाण्याचे तुषार उडवले आणि उठवून विचारलं, तर बऱ्याच जणांच्या स्वप्नात पाणी शिरलेलं निघालं. त्यांना पिचकारी हाती घ्यावी लागली. आमच्याकडे हा प्रयोग आपोआप होतो, तोही मेमधे, अख्ख्या खोलीवर. एकाच रांगेतल्या चौघांना एकाच रात्री झड लागलेली दिसते. वाळ्याचा वास नाकात असतोच. वासाची वाट मेंदूत आठवणीच्या मोहल्ल्यातून सगळ्यात जवळची आहे, म्हणून पहिला पाऊस, ओली माती, गळकी शाळा, सगळं एकदम हजर होतं.

मधेच लाइन जाते. पंखा थांबला की त्या शांततेनंच अख्खं गाव जागं होतं. इन्व्हर्टर असेल तर छताचा पंखा फिरतो, पण कूलर ओढायची त्याची बिशाद नसते. लाइन परत आली की गल्लीगल्लीतून ‘आली!’ ऐकू येतं आणि पुढच्या मिनिटाला घोरणं सुरू.

आणि मग चार वाजतात. खर्रर्र. रांगेतले सगळे जागे असतात आणि सगळे झोपल्याचं सोंग करतात. संवाद डोळे मिटूनच होतो.

‘पानी सरलं वाट्टे.’

‘हाव.’

‘मंग?’

‘भरा लागते.’

यानंतर जी शांतता पसरते तीत माणसाची खरी पारख होते. देवळात दिलेल्या वर्गणीची पावती मिळते, पहाटे चारच्या बादलीची मिळत नाही. काही घरांत कायम एकच माणूस उठतो. बहुतेक ती बाई असते, जी पाचला उठणारच असते आणि म्हणून तिचा शेवटचा तास कोणीच मोजत नाही.

तर उठलातच, तर रीत अशी. पायात रबरी चप्पल. कूलरचं बटण बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून काढायची. पत्र्याच्या बॉडीत करंट उतरून दर उन्हाळ्यात माणसं जातात, आणि बरेचदा हेच काम करताना, ओल्या हातानं, अनवाणी, अर्धवट झोपेत. अर्थिंग आहे म्हणून खात्री बाळगू नये, दिवसा टेस्टर लावून पाहिलेलं बरं. बादली वरून ओतली तर टिनात धबधबा वाजतो आणि लेकरू उठतं. ड्रम उंचावर असेल तर पाइपचं तोंड टाकीच्या आतल्या बाजूला टेकवून सोडायचं, पाणी पत्र्यावरून मुकाट घसरतं. काठाच्या एक इंच खाली थांबायचं. हात पुसायचे, पिन लावायची, आधी पंप, दोन मिनिटांनी ताट्या भिजल्या की पंखा. आधी पंखा लावला तर रांगेवर गरम झोत जातो आणि केलेल्या पुण्याचा निकाल तिथेच लागतो.

परत पडल्यावर तेच स्वप्न पुढे चालू होईल ही आशा सोडावी. भरणाऱ्याला ते मिळत नाही, न उठलेल्यांना मिळतं.

आमच्याकडच्या प्रत्येक कूलरच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात एक गळती असते. डांबराचे दोन हात मारूनही ती राहते, कारण ती जागा घासताना हात जरा हलकाच फिरवलेला असतो. विचारलं तर ‘राहून गेलं’ असं सांगायचं. थेंबाथेंबानं खाली वीतभर चिखल होतो, त्यात गल्लीतलं कुत्रं पोट टेकून झोपतं. पाच वाजता चिमण्या येऊन त्याच्या शेपटीजवळचं साचलेलं पाणी पितात. ते डोळे उघडत नाही. त्याचे पाय मात्र झोपेत भराभर हलत असतात, कुठेतरी पळत असल्यासारखे.