वटपौर्णिमेला काकूंना कोण बोलावणार?

ज्येष्ठ पौर्णिमा जवळ आली की नाशिकच्या ग्रुपवर वाद पेटतो. एकीचं म्हणणं, उपास बायकांनीच का करायचे, बंद करा ही वटपौर्णिमा. दुसरी म्हणते, झाडं जपणारी आपली संस्कृती आहे, तिला नावं ठेवू नका. मधेच कोणीतरी बाजारात विकायला आलेल्या वडाच्या फांद्यांचा फोटो टाकतं. फांद्या तोडून घरी पूजा करणं मलाही अजिबात पटत नाही. उंटवाडीचा जुना वड उड्डाणपुलासाठी जाणार म्हटल्यावर 2022 साली ज्या गावानं आवाज उठवला, त्याच गावात फांद्यांचे भारे विकले जातात, हे वाईटच. पण इतकं सगळं बोलून होतं आणि माझ्या सिडकोतल्या काकूंसारख्या बायकांचा विषय कोणी काढत नाही.

काका कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्याआधी गल्लीतल्या वटपौर्णिमेचं सगळं काकूंच्या हाती असायचं. सुताची गुंडी, पाच आंबे, ओटीचे गहू, काळ्या मण्यांची पोत, हिरव्या बांगड्या. कोणाच्या ताटात काय राहिलंय ते त्यांना लांबूनच कळायचं. कथा तोंडपाठ. फेरे घालताना एखाद्या नव्या सुनेचं सूत तुटलं आणि ती रडवेली झाली की काकू गाठ मारून द्यायच्या. “काही होत नाही गं, चल पुढे,” म्हणायच्या. घरी आल्यावर भगर आणि दाण्याची आमटी अर्ध्या गल्लीला त्यांच्याकडूनच जायची.

आता त्या दिवशी त्यांचं दार लोटलेलं असतं. शेजारणी आदल्या संध्याकाळी फोन करून विचारतात, पौर्णिमा किती वाजता लागते, वाण काय द्यायचं. काकू सगळं नीट सांगतात. वडाखाली या, असं कोणी म्हणत नाही. माझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली, “अगं, त्यांनाच वाईट वाटेल म्हणून नाही बोलावत.” आई मनानं वाईट नाही, शेजारणीही नाहीत. पण काकूंना विचारलं कोणी? मला त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, “इतकी वर्षं केलं गं सगळं, माझं कुठे चुकलं?”

हा प्रश्न त्यांच्या मनात कोणी घातला? नवऱ्याचं आयुष्य बायकोच्या व्रतावर अवलंबून आहे असं दरवर्षी वडाखाली ऐकवलं, की नवरा गेल्यावर हिशोब तिच्याच नावावर मांडला जातो. उपासावर माझा राग नाही. मी स्वतः करते. राग आहे तो या हिशोबावर.

इथे मेलबर्नमध्ये आम्ही काही मराठी बायका एका पार्कात जमतो. जून म्हणजे इथला हिवाळा, पाच वाजून गेले की सूर्य मावळतो, त्यामुळे पूजा दुपारीच. वड नाही, पण त्याच कुळातलं, मोरेटन बे फिग नावाचं अवाढव्य झाड आहे. सूत गुंडाळतो आणि पूजा झाली की सोडवून घेतो, पक्ष्यांच्या पायात अडकू नये म्हणून. आमच्यात सिन्नरची एक मैत्रीण आहे, तिचे यजमान गेले. ती येते, फेरे घालते, ओटी घेते. एक घटस्फोटित मुलगीही येते. कोणी कोणाला अडवत नाही.

याचं मोठेपण मात्र मी आमच्याकडे घेणार नाही. इथे सासू शेजारी राहत नाही, खिडकीतून बघणारं कोणी नाही, उद्या मुलीच्या लग्नाच्या वेळी ही गोष्ट कोणी काढणार नाही. मुळात आम्ही इतक्या थोड्या आहोत की एकीलाही वगळणं परवडत नाही. सिडकोच्या गल्लीत हेच करायला फार मोठं धाडस लागतं. म्हणून परदेशात बसून ‘रूढी मोडा’ किंवा ‘संस्कार जपा’ असे मेसेज पाठवणाऱ्यांचा मला त्रास होतो. दोन्हीची किंमत तिकडच्या बायकांनी मोजायची असते.

ते धाडस तिकडेच झालेलंही आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला की बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं आवाहन केलं. परिपत्रकानं वडाखालचं आमंत्रण येत नाही, हे खरं. पण एक गाव करू शकतं तर नाशिकची एक गल्ली का नाही?

‘नवराच नाही तर तिनं मागायचं काय?’ असं मला विचारलं गेलंय. वनपर्वातली सावित्री वाचा. यमाकडे ती आधी आंधळ्या सासऱ्याची दृष्टी मागते, मग त्यांचं गेलेलं राज्य, मग आपल्या वडिलांना मुलगे. सत्यवानाचे प्राण त्यानंतर. माणसासाठी मागण्यासारखं खूप असतं. काकू नातवासाठी मागतील, स्वतःच्या गुडघ्यांसाठी मागतील. आणि चांदवडला रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो की आपण अभिमानानं सांगतो, हे काम अहिल्याबाईंनी केलं. त्यांचे यजमान खंडेराव 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेले, आणि राज्यकारभार त्यांनी हाती घेतला तो त्यानंतर. आपल्या गल्लीच्या नियमानं त्यांनाही हळदीकुंकवाला बोलावता आलं नसतं.

आईशी माझं यावर बोलणं झालंय. यंदा काकूंच्या दारात जाऊन तिनं स्वतः बोलवावं, आणि कथा त्यांनाच सांगायला लावावी, असं मी म्हटलं. काकूंना यायचं नसेल तर त्या नाही म्हणतील, तो त्यांचा अधिकार आहे. आई म्हणाली, “एकटीनं नको, अजून दोघीतिघींना तयार करते.” नाशिकला ज्यांची आई, सासू, वहिनी आहे त्या सगळ्यांना माझी विनंती आहे, पुढचा मेसेज पाठवण्याआधी घरी फोन करा. तुमच्या गल्लीत कोणाला बोलावलं नाही तेवढं विचारा, आणि तिच्या दारापर्यंत कोण जाणार ते ठरवूनच फोन ठेवा.