सहा महिने थांबा आणि मग धाक दाखवा: पिल्लाविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

गोव्यातील सोसायट्यांच्या आणि वाड्यांच्या व्हॉट्सॲप गटांत कुत्रा पाळणाऱ्यांसाठी पाच नियम सांगणारा एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. पिल्लू सहा महिन्यांचे होईपर्यंत त्याला काही शिकवू नये. घरात शू केल्यास त्याचे नाक त्यात घासावे. घरचे पुढारी आपण आहोत हे पटवण्यासाठी आधी स्वतः जेवावे आणि गुरगुरल्यास त्याला उताणे पाडून दाबून धरावे. खाऊ देऊन शिकवू नये, कारण त्याने ते लालची होते. आणि गावठी कुत्रे शिकतच नसल्यामुळे जातिवंतच आणावे, असा त्याचा आशय आहे. या पाचही नियमांत सारी तयारी कुत्र्याने करायची आहे. माझ्या मते ती घरातील माणसांना करावी लागते, आणि तीही पिल्लू उंबरठ्याच्या आत येण्यापूर्वी.

पहिल्या नियमाला एक जुने कारण आहे. पट्ट्याला हिसके देऊन शिकवण्याची पद्धत रूढ होती, तेव्हा कोवळ्या मानेला इजा होऊ नये म्हणून शिकवणारे थांबत असत. ती पद्धत मागे पडली, सहा महिन्यांचा आकडा मात्र राहिला. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील मेन राज्यात अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास केला आणि माणसांशी व भोवतालाशी नाते जुळण्याचा निर्णायक काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत असतो, असा निष्कर्ष १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे संदेश पाळणारा माणूस शिकवायला बसतो, तेव्हा हा काळ सरून तीन महिने उलटलेले असतात. त्या सहा महिन्यांत पिल्लाचे काय करायचे याविषयी संदेश गप्प आहे. प्रत्यक्षात ते बहुधा अंगणातल्या माडाला बांधलेले असते. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

आपल्याकडे या कोवळ्या आठवड्यांत पिल्लाला सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू, मासळीवालीची हाक आणि पत्र्यावर कोसळणारा पाऊस यांची सवय लावावी लागते. रेनकोट आणि हेल्मेट घातलेला माणूसही मुद्दाम दाखवावा लागतो, कारण पावसाळ्यात सख्खा शेजारीही त्या वेषात कुत्र्याला परका वाटतो. चवथीचे फटाके आणि नरकासुराच्या रात्रीचा गोंगाट मोबाईलवर अगदी हळू आवाजात, खाऊ भरवत ऐकवला, तर पुढे ऐन सणात पलंगाखालून कुत्रे ओढून काढण्याची वेळ सहसा येत नाही. लसी पूर्ण होण्याआधी बाहेर नेणे धोक्याचे, ही शंका मात्र रास्त आहे. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास मिळते आणि पुढचे डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो. त्यामुळे तोवर म्हापशाच्या बाजारात पिल्लाला जमिनीवर सोडू नये, पण कडेवर घेऊन गेटपाशी दहा मिनिटे उभे राहायला काहीच हरकत नाही.

दुसरा नियम आमच्या फोंडा तालुक्यातील घरी एकदा पाळला गेला आहे. पिल्लू आणले तो जूनचा दुसरा आठवडा होता. थोरल्या काकांनी नाक घासण्याचा प्रयोग दोनदा केला आणि फरशी कोरडी राहू लागल्यावर ते खूश झाले. आठवड्याभराने तांदळाच्या पिंपामागून वास येऊ लागला. पिंप सरकवले तेव्हा भिंतीलगत पिवळे डाग होते, आणि पिल्लू स्वयंपाकघराच्या दारात शेपूट पोटाशी घेऊन आमच्याकडे पाहत होते. घरात शू करू नये हे ते शिकलेच नव्हते. माणसांदेखत करू नये, एवढेच शिकले होते. परिणामी बाहेर नेले तरी आमच्यासमोर ते करीना, आणि आत आणल्यावर कोपरा शोधायचे. कृती आणि तिचे फळ यांत एकदोन सेकंदांहून जास्त अंतर पडले, तर कुत्र्याला त्यांचा संबंध लागत नाही. मागाहून केलेली शिक्षा त्याच्या लेखी शिक्षा करणाऱ्या माणसाला चिकटते.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर पिल्लाला ठरलेल्या जागी न्यावे, आणि काम झाल्याबरोबर, तिथेच, खाऊ द्यावा. जितके महिने वय तितके तास ते धरून ठेवू शकते, असा ढोबळ अंदाज धरून घड्याळ लावावे. आमचे अंगण पावसाने तुडुंब असल्यामुळे आम्ही पडवीत पागोळ्यांच्या आतल्या बाजूला मातीने भरलेले उथळ घमेले ठेवले होते. डाग पुसताना अमोनिया असलेले द्रव वापरू नयेत, कारण त्यांचा वास लघवीशी जुळतो आणि पिल्लू पुन्हा तिथेच येते. काकांचा राग गेला, पण पिंपामागची जागा सुटायला गणपती उजाडले.

पुढारीपणाचा नियम लांडग्यांवरून आला. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांमधील चढाओढीचे वर्णन केले, आणि डेव्हिड मेच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे कळपातील म्होरक्याची कल्पना जगभर पसरली. याच मेच यांनी पुढे मोकळ्या रानातील लांडगे पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिले की नैसर्गिक कळप हे बहुधा एक कुटुंब असते. आईबाप आणि त्यांची पिल्ले. आपले जुने पुस्तक छापणे थांबवावे, अशी विनंती त्यांनी स्वतःच प्रकाशकाला केली. जिथे लांडग्यांनाच हे लागू नाही, तिथे फोंड्याच्या कुत्र्याला ते कशाला लावायचे? आधी कोण जेवतो याने कुत्र्याला फरक पडत नाही. दाबून धरणे मात्र खरोखर घातक आहे, कारण गुरगुरणे ही त्याची पूर्वसूचना असते. ती दडपली, तर पुढच्या वेळी सूचनेशिवाय चावा बसतो, आणि बहुधा तो घरातल्या मुलालाच.

खाऊबद्दलचा आक्षेप अर्धा खरा आहे. खाऊ आधी दाखवून काम करवून घेतले, तर कुत्रे हात पाहूनच उठते. तो खिशात ठेवून, काम झाल्यावर काढला तर ही सवय लागत नाही, आणि काम पक्के झाल्यावर प्रत्येक वेळी देण्याचीही गरज उरत नाही. हरभऱ्याएवढे, बिनमिठाचे उकडलेले, हाडे काढलेले चिकन पुरते. शिजवलेली हाडे, कांदा, मनुका आणि चॉकलेट मात्र अजिबात देऊ नये.

गावठी कुत्र्याविषयी थोडक्यात एवढेच, की शिकण्याचे नियम वंशावळ पाहून बदलत नाहीत. गावठी कुत्रे परक्यांबाबत अधिक सावध असते, त्यामुळे ओळखी करून देण्यात जास्त वेळ जातो, हे मान्य. हस्की या दाट केसांच्या, थंड प्रदेशातल्या जातीच्या कुत्र्याला मे महिन्यात पंख्याखाली धापा टाकताना पाहिल्यावर तो वेळ मला महाग वाटत नाही.

संदेशात नसलेली एक तयारी शब्दांची आहे. आमच्या घरी आई कोकणीत ‘यो’ म्हणायची, मी ‘ये’, आणि भाचा ‘कम’. पिल्लू तिघांकडे पाहून जागीच बसून राही. शेवटी फ्रिजवर एक कागद चिकटवला. त्यावर सात शब्द आणि प्रत्येकापुढे हाताची खूण लिहिली. आईच सर्वांत जास्त वेळ घरात असते, म्हणून ‘यो’ ठरले.