वाडगा घ्या, पण आधी टिचकी मारून बघा

हनोईला जाऊन आलेलं कुणी भेटलं की हल्ली माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, हनोईजवळच्या कुंभारांच्या गावाला, बात चांगला गेला होतात का? उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलंच येतं. "हो, दाखवलं ना. अर्धा तास होता. मग हा लाँगच्या खाडीकडे निघालो." माझीही पहिली भेट अशीच झाली होती. तेवढ्यावर परत आले असते, तर गाव न बघताच गाव बघितलं असं सांगत फिरले असते. म्हणून जरा सविस्तर लिहिते. हल्ली मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, आपल्याकडची पुष्कळ मंडळी जाताहेत, कुणाला उपयोग होईल.

पहिल्या दिवशी सहलीच्या बसने आम्हाला एका तीन मजली शोरूमपुढे उतरवलं. आत एसी, काचेची कपाटं, माणसाच्या उंचीच्या फुलदाण्या. कोपऱ्यात एक मुलगी चाकावर बसून एकच भांडं वर काढत होती, मोडत होती, पुन्हा वर काढत होती. सगळ्यांना फोटो मिळावेत म्हणून. चाळीस मिनिटं झाली आणि गाईडने शिट्टी वाजवली. बस वळताना मला खिडकीतून मागची बाजू दिसली. दोन उंच विटांच्या भिंती, मधे हातभर रुंद गल्ली आणि त्या गल्लीतून फळीवर ओळीने कच्चे वाडगे घेऊन चाललेला एक माणूस. गाव तिथे होतं.

दोन दिवसांनी आम्हाला मोकळा दिवस मिळाला. बाकीचे खरेदीला जुन्या हनोईत गेले, मी आणि माझी जाऊ लाँग बिएन पुलाजवळच्या बसथांब्यावर गेलो. तिथून ४७ए नंबरची साधी सिटी बस सुटते, ती थेट बात चांगला सोडते. अंतर जेमतेम १३-१४ किलोमीटर, तिकीट आपल्या हिशेबाने अगदी किरकोळ. बसमध्ये आम्ही दोघी सोडून सगळे गावचेच लोक होते. एका आजींच्या पायाशी भाजीची पिशवी होती आणि मांडीवर खोक्यात गुंडाळलेला दिवा.

नाव लिहिताना 'त्रांग' आहे, हनोईकडचे लोक म्हणताना 'चांग' म्हणतात. 'बात' म्हणजे वाडगा. गावाच्या नावातच भांडं आहे! सांगतात ते असं, की १०१० साली लि घराण्याच्या पहिल्या राजाने राजधानी होआ लूहून आजच्या हनोईला आणली, तेव्हा कुंभारांची घराणी पाठोपाठ आली आणि लाल नदीच्या काठी पांढरी माती सापडली तिथे वसली. आख्यायिका बाजूला ठेवली तरी १४३५ सालच्या भूगोलाच्या ग्रंथात या गावची नोंद आहे, वाडगे करणारं गाव म्हणून. ती पांढरी माती कधीच संपली. आता माती बाहेरून येते, पण कुंभार जागचे हलले नाहीत. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं. माती होती म्हणून गाव वसलं, आणि माती संपल्यावर गावानेच माती आणवली.

जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांमधून समोरून सायकल आली तर भिंतीला पाठ टेकवून उभं राहावं लागतं. नदीकाठची जागा थोडकी, आणि तीही आधी भट्टीला. माणसांना चालायला उरेल तेवढी वाट. एका भिंतीवर ओळीने काळपट गोल डाग दिसले आणि माझी जाऊ पटकन म्हणाली, "अगं, शेणी थापल्यात का काय!" अगदी तसंच होतं. कोळशाची भुकटी चिखलात कालवून तिच्या चकत्या भिंतीवर थापून वाळवत आणि त्यावर भट्ट्या पेटत. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून गॅसच्या भट्ट्या आल्या, तेव्हापासून ते कमी होत गेलं. काजळी गेली, आणि आव्यात फुटून वाया जायचा तो मालही वाचला. कुणाला जुनं गेल्याची हळहळ वाटत असेल तर वाटो, मला नाही वाटली. त्या धुरात दिवसरात्र कोण बसायचं, ते बसणाऱ्यालाच माहीत.

आता खरेदीबद्दल, कारण माझं खरं म्हणणं त्याबद्दलच आहे.

तिथल्या कुंभारांची एक म्हण आहे. पहिलं हाड, दुसरी कातडी, तिसरी भट्टी. हाड म्हणजे आतली माती, कातडी म्हणजे झिलई, वरचा काचेसारखा थर. भांडं बघायचं ते याच क्रमाने. आपण उलटं करतो, आधी रंग बघतो. माझी आजी चैत्रात माठ घ्यायला कुंभारवाड्यात जायची, तेव्हा माठाच्या रंगाकडे बघायचीही नाही. एका हातावर माठ तोलून धरायची आणि दुसऱ्या हाताने टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत. मी बात चांगच्या बाजारात तेच केलं. वाडगा डाव्या हाताच्या बोटांवर मोकळा ठेवला आणि कडेला टिचकी मारली. चांगला भाजलेला वाडगा घंटेसारखा वाजतो, आवाज रेंगाळतो. बारीक तडा असेल तर आवाज तिथल्या तिथे मरतो. तिसऱ्या टिचकीला दुकानदारीण हसली आणि तिने स्वतःच पाच-सहा वाडगे वाजवून त्यातला एक माझ्यापुढे सरकवला. तिला मराठी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती, तरी पुढचा तासभर आमचं अडलं नाही. ती मला 'चि' म्हणत होती, म्हणजे ताई. तिकडेही अनोळखी माणसाला नात्याने हाक मारतात.

दुसरी गोष्ट, वाडगा उलटा करा. बुडाच्या कडेला झिलई नसते, तिथे हाड उघडं दिसतं. त्यावरून बोट फिरवा. खरखर लागली, तर तो टेबलावर आणि इतर भांड्यांवर ओरखडे काढणार. आणि नक्षी हाताने काढलेली आहे की छापील स्टिकर चिकटवून भाजलेला आहे, हे बघा. दोन वाडगे शेजारी ठेवले की लगेच कळतं. हाताने काढलेल्या पानाला ब्रश टेकला तिथे रंग दाट असतो आणि उचलला तिथे विरळ. दोन पानं कधी तंतोतंत सारखी नसतात. छापील नक्षीत चूकही प्रत्येक वाडग्यावर तीच असते. बाजारात दोन्ही प्रकार मिळतात, बाहेरून आलेला साचेबंद मालही मिळतो, आणि तो स्वस्त असतो. घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण काय घेतोय हे ठाऊक असू द्या. आतल्या बाजूला झिलईवर लाल-सोनेरी छापलेलं असेल तर मात्र रोजच्या जेवणाला नको, शोभेला ठेवा.

एका घराच्या ओसरीवर एक बाई रंगवत बसल्या होत्या, पन्नाशीच्या असतील. डाव्या हाताने छोटी चकती फिरवायच्या, उजव्या हातात लांब केसांचा ब्रश. वाडग्याच्या कडेला रेघ ओढताना हात जागेवर स्थिर, फिरायचा तो फक्त वाडगा. एक श्वास, एक वेढा, आणि रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली. मी वाकून बघितलं तर रंग निळा नव्हताच! मळकट, राखाडी-काळा. कोबाल्ट कच्चा असताना तसाच दिसतो, निळा होतो तो बाराशे अंशांच्या पुढच्या आचेत. म्हणजे त्या बाई आयुष्यभर जो रंग लावत आल्या, तो लावताना त्यांना दिसतच नाही. कुठे किती पाणी घातलं की भट्टीतून केवढा निळा निघेल, हा हिशेब सगळा बोटांत. मी तोच वाडगा मागितला. त्यांनी मान हलवली, ब्रश पाण्यात बुडवून एक थेंब वाडग्याच्या बुडाशी सोडला. थेंब क्षणात मातीत जिरला. अजून झिलई नाही, भाजणं नाही. मग आत जाऊन त्याच नक्षीचे सहा भाजलेले वाडगे घेऊन आल्या.

सोळाव्या शतकात, माक घराण्याच्या काळात, उत्तर व्हिएतनाममधले कुंभार देवळात वाहायच्या दिवठाणांवर आपलं नाव आणि साल कोरायचे, दान देणाऱ्यांची नावंही. हे हनोईला संग्रहालयात आदल्याच दिवशी वाचलं होतं. म्हणून मी त्या बाईंना पेन दिलं आणि वाडग्याच्या बुडाकडे बोट दाखवलं. त्यांनी नाव नाही लिहिलं, लाजल्या. पण पेन बाजूला ठेवून एका कागदावर ब्रशने ते पान काढून दिलं. तो कागद माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजवर लावलाय.

आता घासाघीस. यावर मी जरा स्पष्ट बोलणार आहे. हाताने रंगवलेला वाडगा साठ हजार डोंगला होता, डोंग म्हणजे तिकडचं चलन. शून्यं बघून आपली छाती दडपते आणि आपण हट्टाला पेटतो. आमच्या बरोबरच्या एकांनी शोरूममध्ये एका वाडग्यामागे दहा हजार कमी करायला पंधरा मिनिटं वाद घातला होता. दहा हजार डोंग म्हणजे आपले तेहतीस-चौतीस रुपये! हॉटेलात त्याच माणसाने दोनशेची कॉफी एका शब्दाने न बोलता घेतली. बाजारात पर्यटक बघून भाव चढवतात, तिथे दोन दुकानं फिरा, विचारा, त्यात गैर काही नाही. जास्त घ्यायचे असतील तर दहाचा भाव मागा, तिकडे वाडग्यांना डझनापेक्षा दहाचा हिशेब चालतो. पण ओसरीवर बसून जो माणूस समोर रेघ ओढतोय, त्याला "फायनल किती" म्हणून कॅल्क्युलेटर पुढे करू नका. कुंभाराच्या पोटावर येणारी घासाघीस हा व्यवहार नव्हे, सवय आहे, आणि ती आपल्याला सोडता येते.

आणखी एक, ही चूक मी करता करता राहिले. एका दुकानात तीन पायांचा, ड्रॅगन कोरलेला, देखणा गोल वाडगा होता. कोशिंबिरीला किती छान दिसेल म्हणून मी उचलला. दुकानातल्या म्हाताऱ्या बाबांनी हलकेच माझ्या हातातून काढून घेतला, कपाळापाशी हात जोडून दाखवले, मग वर बोट केलं. उदबत्त्या लावायचं ते पात्र होतं, पूर्वजांच्या देव्हाऱ्यातलं. राखेने भरलेलं ते तिकडे घरोघर असतं. मला फार ओशाळल्यासारखं झालं. आपण अक्षय तृतीयेला पितरांसाठी मातीची करा-केळी आणतो, त्यात कुणी सरबत ओतलेलं आपल्याला चालेल का? देवाचं भांडं वेगळं, जेवायचं वेगळं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तिथे फक्त विचारायला हवं.

मग घ्यायचं काय? माझं मत, रोज हातात येईल असं. पुरुषभर फुलदाणी नको, ड्रॅगन नको. भाताचा वाडगा घ्या. त्याचं बूड मुद्दाम उंच असतं, गरम भात असला तरी बोटं भाजत नाहीत. दहीभाताला त्यासारखं दुसरं भांडं नाही. चहाची किटली घ्या. भेगाळलेल्या झिलईची एखादी छोटी कुपी घ्या, तिथे त्या झिलईला 'मेन रान' म्हणतात. माती आणि झिलई निवताना सारख्या आक्रसत नाहीत, म्हणून तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. मुळातला हा दोष या लोकांनी कला म्हणून साधलाय.

रोजच्या वापराचं म्हणते त्याला कारण आहे. व्हिएतनामच्या दक्षिणेकडे बाउ त्रुक नावाचं चाम लोकांचं गाव आहे. तिथे चाकच नाही. बाई भांड्याभोवती स्वतः फिरते आणि भांडं घडवते, मग उघड्यावर लाकूड-पेंढ्यात भाजतात. चाम लोकांच्या त्या कलेला युनेस्कोने २०२२ साली तातडीने जपण्याच्या यादीत घातलं. बात चांगवर ती वेळ आली नाही, कारण हनोईतली पुष्कळ घरं सकाळ-संध्याकाळ त्यांच्या वाडग्यात जेवतात. आपल्याकडे स्टीलचं ताट आलं आणि कुंभाराकडे उरले संक्रांतीची सुगडं, उन्हाळ्याचा माठ आणि दिवाळीच्या पणत्या. वर्षातून तीनदा. आपल्या आज्यांच्या लोणच्याच्या बरण्या आठवा, त्यांनाही आपण चिनीमातीच म्हणतो, कुठल्या का मातीच्या असेनात. त्या बरण्याही आता माळ्यावर आहेत किंवा छत्र्या ठेवायला दारात.

पॅकिंगची काळजी करू नका. वाडगे एकात एक न घालता कडेवर उभे लावतात, मधे कागद, बाजूने पेंढा, वर दोरीचे असे काही वेढे की खोकं आपटलं तरी आतून आवाज येत नाही. आम्ही ते हातातल्या सामानात आणले. सहाच्या सहा शाबूत पोचले.

त्यातला एक गेल्या महिन्यात भाच्याच्या हातून पडला, आता पाच आहेत. हनोईला कुणी निघणार असेल तर कृपया मेसेंजरवर सांगा. बाजारातून आत शिरल्यावर नदीकडे जाणारी गल्ली, डाव्या हाताला निळं लोखंडी दार, ओसरीवर फिरती चकती. फ्रिजवरच्या त्या पानाचा फोटो पाठवते, तो दाखवा आणि एक वाडगा आणा. पैसे आधी देईन, पण घासाघीस करायची नाही.