उलटा क्रूस सैतानाचा नव्हे, संत पेत्राचा
येशूचा शिष्य आणि पहिला पोप मानल्या जाणाऱ्या संत पेत्राच्या नावाच्या धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती समुदायाच्या) बोधचिन्हात उलटा क्रूस दिसला, की ‘चर्चमध्ये सैतानाची खूण’ असे मेसेज फिरतात. सोबत पुरावा म्हणून पोप जॉन पॉल दुसरे यांच्या २००० सालच्या इस्रायल दौऱ्यातल्या, उलटा क्रूस कोरलेल्या खुर्चीचा फोटो. हे साफ चुकीचं आहे. परंपरा सांगते, की रोममध्ये पेत्राला क्रूसावर चढवताना त्याने स्वतःच डोकं खाली ठेवायला सांगितलं; प्रभू येशूसारखं मरण्याची आपली योग्यता नाही, ही त्याची भावना. केवढी ही नम्रता! पोप पेत्राचे वारस, म्हणून खुर्चीवरही तीच खूण. बोधचिन्ह नीट पाहा: क्रूस रिकामा असतो, शेजारी बहुधा येशूने पेत्राला दिलेल्या स्वर्गराज्याच्या किल्ल्या. येशूची मूर्ती असलेला क्रूस मुद्दाम उलटा टांगणं ही विटंबना खरी, पण ती गोष्टच वेगळी.