नोकरदार बापानं व्यायामाला वेळ कसा काढावा

वेळच मिळत नाही, असं रडगाणं गाणारे बाप लातुरात गल्लोगल्ली आहेत. नोकरी आहे, लेकरू अकरावीला आहे, ट्युशनची बॅच सकाळी सहाची. (फीच्या हप्त्याचं काढत नाही, त्यानं नाडी आपोआप वाढते.) अहो, म्हणून काय झालं? वेळ घरातच असतो. तो तुमच्या वाट्याचा नसतो, एवढंच. कुणाच्या वाट्याचा काढायचा हे कळलं की निम्मं काम झालं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगून ठेवलंय, मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं थोडा दम लागेल असा व्यायाम करावा. म्हणजे रोजची जेमतेम २२ मिनिटं. पण २२ मिनिटांसाठी कुणी बूट घालतं का? तुम्ही दीड तास धरा.

पहाटे साडेपाचला घर सोडायचं. एप्रिलात आपल्याकडे आठलाच ऊन अंगावर येतं, त्यामुळे उशीर नको. निघताना स्वयंपाकघराकडे मात्र अजिबात बघू नका. तिथं बायको भाकरी थापायलीय, दुसऱ्या शेगडीवर डब्याची भाजी करपायलीय, पिठाच्या हातानंच ती लेकराच्या खोलीचं दार ठोठावतेय. तिला सव्वासातची एसटी गाठून झेडपीच्या सकाळच्या शाळेवर जायचंय. एकदा बघितलं की माणूस अडकतो आणि व्यायामात खंड पडतो.

तुमची मैदानाला दुसरी फेरी चालू असताना नेमकं नळाला पाणी येईल. फोन वाजेल. उचलू नका, व्यायाम एकाग्रतेनं करावा. खालचं टिपाड भरून २० लिटरची कॅन जिन्यानं वर न्यायची म्हणजे २० किलो वजन, तेही पदर खोचून. स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा, असंही तीच संघटना म्हणते. आता पाणीच आठवड्यातून एकदा आलं, तर बायकोचा एक दिवस कमी पडणार. त्याला तुम्ही काय करणार!

फेऱ्या झाल्या की चार मित्रांसोबत निलंगा राईसची एक एक प्लेट. घाम गाळलाय, हक्क आहे. वर एक कट चहा, आणि साखर अंमळ कमी सांगायची, म्हणजे चौघांत आपण तब्येतीचे दिसतो.

घरी आल्यावर पंख्याखाली बसून, बूट सोडता सोडता एक वाक्य न चुकता म्हणायचं, "तू स्वतःसाठी वेळच काढत नाहीस बघ." ती पर्समध्ये डबा कोंबत असतानाच म्हणा. त्याचा परिणाम वेगळाच होतो. एसटी निघून गेली असेल तर तो जास्तच होतो.

एक गोष्ट मात्र दाबून ठेवा. त्याच संघटनेच्या सांगण्यात घरकामही शारीरिक हालचालीत धरलंय. हे तिला कळलं तर ती हिशोब मांडेल. आत्याबाईंना, म्हणजे तिच्या सासूला, कळलं तर त्या म्हणतील, मग हिला वेगळं चालायला कशाला जायचंय? दोन्हीकडून घरातली शांतता जाऊन ते तुमच्याच अंगाशी यायचं.

एवढंही जमत नसेल तर २१ जून आहेच. २०१५ पासून योग दिन साजरा होतोय. ऑफिसात सतरंजीवर पहिल्या रांगेत बसायचं, फोटोपुरती मान ताठ ठेवायची, आणि तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा. पुढच्या जूनपर्यंत कुणी विचारत नाही.

शेवटी, पावलं मोजणारं घड्याळ घ्याच. पण ते एक दिवससुद्धा बायकोच्या मनगटावर जाऊ देऊ नका. गेलंच, आणि रात्री तिचा आकडा तुमच्या आठवड्याच्या पुढं दिसला, तर घाबरायचं नाही. बिल सापडतंय का बघा आणि दुकानदाराला ठणकावून सांगा, "मामा, तुमचं घड्याळ जास्तीचं मोजायलंय, बदलून द्या."