बोटीला मुहूर्त मिळेना

गेटवेवरून बोटीने घारापुरीला जायचं यावर घरात एकमत व्हायला दोन मिनिटं लागतात. कधी जायचं, यावर मात्र साखरपुड्यापेक्षा जास्त बैठका होतात.

मुलांना सुट्टी मे महिन्यात, नागपूरचे पाहुणेही मेमध्येच, आणि मे म्हणजे बोटीसाठी नेमका नको तो महिना. सकाळी नऊला समुद्र शहाण्यासारखा वागतो. दुपारी खारा वारा भरला की परतीची लाँच डोलायला लागते आणि बेटावर खाल्लेलं मक्याचं कणीस आपलं स्वतंत्र मत मांडू लागतं. शिवाय लेण्यांपर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या, त्याही भर उन्हात. पाहुण्यांना हे सांगावं, तर ते म्हणतात, मग जूनमध्ये जाऊ, गार असतं!

जूनचं नाव काढू नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट दर्यावर, ते कोळी होड्या वर ओढून बसलेले असताना आपण शेंगदाण्याची पुडी घेऊन निघायचं? पावसाळ्यात घारापुरीची लाँच हवा बघूनच सुटते. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा चढला की घरी जाऊन भजी तळावीत. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणून लाटा दुसऱ्या दिवशी शांत होत नाहीत. गणपती गेल्यावरही थोडी कळ काढावी. ऑक्टोबर उकाड्याचा, तो सोडून द्या.

उरले डिसेंबर ते फेब्रुवारी. पण नाताळचा आठवडा वगळा, कारण तेव्हा गेटवेवर रांगेचं शेपूट कुठे आहे हे शोधण्यातच सकाळ जाते. सोमवारही वगळा, लेणी बंद असतात.

आता खरी मेख: भरती-ओहोटी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमेला (पंधरावी तिथी) सव्वाअकरा. अर्धापाऊण तास इकडेतिकडे. पुढे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे हौसेने पौर्णिमा गाठली, तर उधाणाच्या भरतीवर ऐटीत जाल आणि संध्याकाळी परतताना पाणी तळाला. धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ उघडं पडलेलं, लाँच खाली हेलकावतेय आणि पैठणी नेसलेल्या आत्याबाई एक पाय बोटीत, एक पाय महाराष्ट्रात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार कमी, म्हणून ती बरी. नेमकी तेव्हाच काकूंना आठवतं की अष्टमीला प्रवास करू नये.

वरच्या डेकचे दहावीस रुपये जास्त गेले तरी द्यावेत, पण बाजू बघून बसावं. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो: जाताना डावीकडे, येताना उजवीकडे सावली. सीगलही याच दिवसांत येतात. त्यांना गाठी-कुरकुरे टाकू नयेत, हे सांगून कोणी ऐकत नाही.

आणि कोणी ऐरोलीच्या फ्लेमिंगो सफारीचा विषय काढलाच, तर आधी पाणी प्या. पक्ष्यांना चरायला चिखल हवा, बोटीला चालायला पाणी. दोघांचं जमतं ती वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते. एखाद्या दिवशी ती सकाळी साडेसहाला येते आणि तेव्हा आमच्याकडे पहिला चहाही झालेला नसतो.