‘भूतान: फुकट, शाकाहारी आणि जगात सर्वात आनंदी’? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत तो एकच फॉरवर्ड मला तीन ठिकाणांहून आला. कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या मैत्रिणींकडून आणि शेवटी आईच्या भजनी मंडळातून. वर पारोच्या कड्याला चिकटलेल्या टायगर नेस्ट मठाचा फोटो आणि खाली दावे. भूतान हा जगातला सर्वात आनंदी देश. भारतीयांना एक रुपयाही न भरता आधार कार्डावर प्रवेश. बौद्ध देश, त्यामुळे सगळीकडे शाकाहारी जेवण. राष्ट्रीय प्राणी ड्रॅगन, तोही चीनकडून घेतलेला. 17 डिसेंबर हा इंग्रजांपासून मिळालेल्या स्वातंत्र्याचा दिवस. टायगर नेस्टला घोडा थेट दारात सोडतो. दोचुला खिंडीतून एव्हरेस्ट दिसतो. आणि देशात एकही ट्रॅफिक सिग्नल नाही.

सिग्नलचं तेवढं खरं आहे. राजधानी थिंफूच्या मुख्य चौकात रंगीत नक्षीच्या छोट्या चौकीत उभा राहून पांढरे हातमोजे घातलेला पोलीस हातांनी गाड्या वळवतो. तिथे एकदा दिवे बसवले होते, पण लोकांना ते रुचले नाहीत, म्हणून काढून टाकले. बाकीचे मुद्दे एकेक करून घेते, कारण भजनी मंडळातल्या अकरा जणी नोव्हेंबरात निघणार आहेत आणि त्यांच्यात माझी आई आहे.

आधी पैशांचं. भारतीयांना शुल्क नव्हतं ही गोष्ट 2022 पर्यंत खरी होती. करोनानंतर सप्टेंबर 2022 मध्ये सीमा उघडली तेव्हापासून भारतीय पर्यटकालाही माणशी, दर रात्रीचे 1,200 न्गुल्त्रुम भरावे लागतात. न्गुल्त्रुम आणि रुपया एकास एक आहेत, म्हणजे दोघं पाच रात्री राहिले तर 12,000 रुपये. हॉटेल, गाडी, जेवण वेगळं. सहा वर्षांखालच्या मुलांना माफ आहे. यात फसवणूक कुठेच नाही. देश आकाराने आपल्या पुणे जिल्ह्याच्या जेमतेम अडीचपट आणि लोकसंख्या आठ लाखांच्या आत. 2011 च्या जनगणनेत एकट्या पुणे शहरात 31 लाख माणसं होती. एवढ्याशा देशाने ‘थोडे या, पण नीट या’ असं धोरण ठेवलं तर मला ते पटतं. पण ‘फुकट’ असं लिहून माणसं पाठवायची आणि त्यांना सीमेवर पाकीट काढायला लावायचं, हे बरोबर नाही.

आधार कार्डाचा दावा मला सर्वात जास्त बोचतो. भारतीयांना व्हिसा लागत नाही, परवाना लागतो, आणि त्यासाठी चालतात दोनच कागद: किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आमच्या पहिल्या ट्रिपला एका एजंटने ‘आधार चालतं हो, काळजी करू नका’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं. सीमेवरच्या फुंत्शोलिंग या भूतानी गावात परवान्याच्या खिडकीवर मामींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधार काढून दिलं. पलीकडच्या मुलाने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि अगदी नम्रपणे परत केलं. मतदार कार्ड नारायण पेठेत, घरच्या कपाटात. मामा-मामी सीमेच्या अलीकडच्या, आपल्या जयगावहूनच परत फिरले. आम्ही पुढे गेलो खरे, पण संपूर्ण प्रवासात मामींचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही.

शाकाहाराचा दावा असाच हौसेने केलेला आहे. बौद्ध म्हणजे शाकाहारी हे समीकरण भूतानला लागू पडत नाही. वर्षातल्या काही पवित्र काळात तिथे मांसविक्री बंद असते, पण एरवी डुकराचं, गाईचं, याकचं मांस खातात. वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या घरोघर टांगलेल्या दिसतात. तरीही शाकाहारी माणसाचं अडत नाही. एमा दात्शी हा तिथला जिवाभावाचा पदार्थ: एमा म्हणजे मिरची, दात्शी म्हणजे चीज. पारोला ज्या घरी आम्ही उतरलो, तिथल्या आजींनी मूठ-दोन मूठ हिरव्या मिरच्या उभ्या चिरून पातेल्यात टाकल्या, बिया न काढता. थोडं पाणी, लोण्याचा गोळा, लसूण, वरून चीजचे तुकडे आणि झाकण. ढवळाढवळ नाही. आपल्याकडे मिरची चव आणायला घालतात, तिथे मिरचीचीच भाजी असते. ठेच्यावर वाढलेल्या माझ्या जिभेलाही लाल भाताचा आधार घ्यावा लागला. तिखट झेपत नसेल त्यांनी बटाट्याची केवा दात्शी किंवा अळिंबीची शामू दात्शी मागावी, आणि ‘यात मांसाचा रस्सा आहे का’ हे प्रत्येक ठिकाणी विचारावं.

आता राष्ट्रचिन्हं. ड्रॅगन ध्वजावर आहे, पण राष्ट्रीय प्राणी आहे टाकिन. तोंड बकरीसारखं, अंग गाईसारखं. द्रुक्पा कुन्ले नावाच्या अवलियाने एक गाय आणि एक बकरी फस्त केली आणि बकरीचं डोकं गाईच्या हाडांवर ठेवून हा प्राणी उठवला, अशी तिथली लोककथा. थिंफूला मोतीथांगमध्ये टाकिन बघायला मिळतात. पूर्वी ते छोट्या प्राणिसंग्रहालयात होते. त्यांना मोकळं सोडलं, तर ते रानात जायचे सोडून शहराच्या रस्त्यांवर फिरू लागले, म्हणून मग कुंपणाचं रान करून दिलं. राष्ट्रीय पक्षी डोमकावळा आहे, आणि राजाच्या मुकुटावरही तोच असतो.

ध्वजावरचा ड्रॅगन चीनचा नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस तिबेटात चांगपा ग्यारे हे गुरू मठाची स्थापना करत असताना आकाशात गडगडाट झाला. तो द्रुकचा, म्हणजे गर्जणाऱ्या ड्रॅगनचा, आवाज मानला गेला आणि त्यांच्या पंथाला द्रुक्पा हे नाव पडलं. सतराव्या शतकात झाबद्रुंग न्गवांग नामग्याल यांनी याच पंथाच्या झेंड्याखाली भूतान एक केला. म्हणून तिथले लोक आपल्या देशाला द्रुकयुल म्हणतात. ध्वजातला पिवळा रंग राजसत्तेचा, केशरी धर्माचा, आणि ड्रॅगन पांढरा. चीनशी तर भूतानचे आजही राजनैतिक संबंध नाहीत.

17 डिसेंबर हा राष्ट्रीय दिवस आहे, स्वातंत्र्यदिन नाही. 1907 मध्ये त्या दिवशी पुनाखाला उग्येन वांगचुक पहिले राजे झाले. इंग्रजांशी भूतानची लढाई झाली, 1865 च्या तहात डोंगरपायथ्याचा दुआरांचा सुपीक पट्टा गेला, 1910 च्या तहाने परराष्ट्र व्यवहारात इंग्रजांचा सल्ला मानायचं ठरलं. पण देश वसाहत कधीच झाला नाही, आणि याचा तिथल्या माणसांना मनापासून अभिमान आहे. त्यांना ‘हॅपी इंडिपेंडन्स डे’ म्हणू नका.

‘सर्वात आनंदी’ या शब्दांबद्दल जरा सविस्तर लिहिते. सकल राष्ट्रीय आनंद ही कल्पना चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी 1970 च्या दशकात मांडली, 2008 च्या राज्यघटनेत ती आली. तो किताब नाही, मोजमाप आहे. आरोग्य, शिक्षण, वेळेचा वापर, शेजारधर्म, निसर्ग अशा नऊ अंगांनी सरकार लोकांना घरोघर जाऊन विचारतं की तुमचं कुठे कमी पडतंय. जगाच्या आनंद अहवालात 2019 मध्ये भूतानचा क्रमांक 95 वा होता. दुसऱ्या खेपेला आमची गाडी चालवणारा मुलगा पंचविशीचा, बायको ऑस्ट्रेलियात वृद्धाश्रमात काम करते, तो स्वतः तिकडे जाण्याचे कागद येण्याची वाट बघतोय. ‘मुलगी आईला फक्त फोनवर ओळखते,’ असं तो पुनाखाच्या घाटात म्हणाला. अशी तरुण मंडळी हजारोंनी गेली आहेत. आणि 1990 च्या आसपास दक्षिणेतले लाखभर नेपाळीभाषक लोक देशाबाहेर पडले किंवा काढले गेले, नेपाळच्या छावण्यांत पंधरा-वीस वर्षं राहिले, पुढे बहुतेक अमेरिकेत वसले. ‘सगळे आनंदी’ म्हणताना ही माणसं आपण मोजतच नाही. भूतानवर माझा जीव आहे, म्हणूनच मला हे लिहावंसं वाटतं.

टायगर नेस्ट, म्हणजे तक्तसांग, 1692 मध्ये बांधला, 1998 च्या आगीत जळाला, 2005 पर्यंत पुन्हा उभारला. घोडा अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियाच्या आसपास सोडतो. पुढे चढ, मग शेकडो पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या. दर रविवारी सिंहगड करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की सिंहगड सुमारे 1,300 मीटरवर आहे आणि हा मठ 3,100 मीटरवर. मोबाइल, पिशव्या दारात ठेवाव्या लागतात. 2019 मध्ये आपल्याच राज्यातल्या एका पर्यटकाने दोचुल्याच्या एका चोर्तेनवर, म्हणजे स्तूपावर, चढून फोटो काढला होता. तिथे एकशे आठ चोर्तेन आहेत, बंडखोरांविरुद्धच्या 2003 च्या कारवाईत मारल्या गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेले. त्यांना डावीकडून उजवीकडे प्रदक्षिणा घालतात.

दोचुल्यावरून एव्हरेस्ट दिसत नाही. नोव्हेंबरातल्या स्वच्छ सकाळी दिसतं ते गांगखर पुएनसुम, भूतानचं सर्वात उंच शिखर, 7,570 मीटर. त्यावर आजवर कुणाचं पाऊल पडलेलं नाही. शिखरं देवतांची आहेत म्हणून 2003 पासून भूतानमध्ये गिर्यारोहणच बंद आहे. मंडळाच्या अकरा जणींपैकी चौघींची मतदार कार्डं अजून सापडायची आहेत. आईचं मी काल फ्रिजवरच्या डब्यात शोधून काढलं.